कुंपणावरही नजर हवी

काही वर्षांपूर्वी एक आजी आपल्या दहा वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मुलाचे पोट दुखत होते. तपासणीत विशेष काही आढळले नाही. मी जंताचे औषध दिले, बाहेरचे खाणे बंद करा असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. तीन आठवड्यांनी ते दोघे पुन्हा आले. दुखणे तेच होते आणि तपासणीत याही वेळी काही सापडले नाही. मी औषध बदलून दिले. तिसऱ्या खेपेस मात्र आजींनी चिठ्ठी लिहिणारा माझा हात थांबवला आणि म्हणाल्या, “तालीमना दिनलेच यानं पोट दुखस, डाक्टर.”

मुलगा गावातील एका मंडळाच्या लेझीम पथकात होता. आठवड्यातून तीन दिवस तालीम असे आणि त्याच तीन दिवशी, दुपार कलली की त्याचे पोट दुखू लागे. मी दार लावून घेतले, मदतनिसाला बाहेर पाठवले आणि चिठ्ठी बाजूला ठेवली. बऱ्याच वेळाने, आजींचा पदर मुठीत धरून, तो थोडेथोडे बोलला. तालीम संपल्यावर साहित्य ठेवण्याच्या खोलीत पथकातील एक कार्यकर्ता त्याला थांबवून घेत असे. पुढचे सांगण्याची येथे गरज नाही. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

तो कार्यकर्ता आजींच्या घरचाच झाला होता. मुलाचे आईवडील कामासाठी सुरतेला असत. रेशनचे धान्य घरी पोहोचवणे, आजींना दवाखान्यात नेणे, अंधार पडल्यावर मुलाला दुचाकीवरून घरी सोडणे, हे सारे तो आपण होऊन करी. “देवमाणूस वाटला होता हो,” असे म्हणून आजी रडल्या. मलाही स्वतःची लाज वाटली. दोन वेळा मी पोट तपासले होते, पण ते कोणत्या दिवशी दुखते हे विचारले नव्हते.

हा लेख मी मुख्यतः आजी-आजोबांसाठी आणि घरातील मुलांचा सांभाळ करणाऱ्यांसाठी लिहीत आहे. शिंदखेडा परिसरातील कितीतरी घरांत आईवडील पोटासाठी बाहेरगावी असतात आणि मूल आजीच्या किंवा आजोबांच्या हाती असते. शहरांतही आईवडील नोकरीवर असताना मुलाला मैदानावर, शिकवणीला किंवा छंदवर्गाला सोडणारे हात बहुधा वृद्धांचेच असतात.

आजोबांना सांगितलेली गोष्ट

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे एका शाळेतील बालवर्गाच्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोपी त्या शाळेत सफाईच्या कामावर त्याच महिन्यात कंत्राटी पद्धतीने लागला होता. त्या वेळच्या वृत्तांनुसार दोघींपैकी एकीने ही गोष्ट प्रथम आपल्या आजोबांना सांगितली. पालक पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा तक्रार नोंदवून घेण्यास कित्येक तास लागले. शाळेनेही आपण होऊन पोलिसांना कळवले नव्हते. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी बदलापूर रेल्वे स्थानकात लोहमार्ग रोखून धरला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर माहिती न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. पुढे २३ सप्टेंबरला, खटला चालण्यापूर्वीच, आरोपीचा पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाला.

या प्रकरणाची चर्चा राजकारण, आंदोलन आणि चकमक यांभोवती फिरत राहिली. मला मात्र त्यातील आजोबा विसरता येत नाहीत. चार वर्षांच्या मुलीला जे घडले त्यासाठी शब्दही ठाऊक नसतात. तरीही तिने सांगितले, कारण ऐकणारे माणूस घरात होते.

खानदेशही याला अपवाद नाही. माझ्याच तालुक्यातील दोंडाईचा येथे फेब्रुवारी २०१८ मध्ये एका बालिकेवरील अत्याचाराच्या तक्रारीने सारा जिल्हा हादरला होता. २०२३ मध्ये जळगाव जिल्ह्याच्या एरंडोल तालुक्यात मुलींच्या एका वसतिगृहातील काळजीवाहकावर गुन्हा दाखल झाला. ज्यांच्या स्वाधीन मुले केली त्यांच्याचकडून असे घडते, तेव्हा आपण म्हणतो, कुंपणच शेत खाते. पण कुंपण राखण करते की नाही हे पाहायला शेतकरी बांधावर फिरतो. आपण मात्र मुलाला संस्थेच्या दारात सोडून निश्चिंत मनाने परत येतो.

बदलापूरनंतर राज्य शासनाने शाळांसाठी सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांविषयी आदेश काढले. परंतु मुलांचा दिवस शाळेत संपत नाही. संध्याकाळी ती आखाड्यात, कबड्डीच्या मैदानावर, ढोल किंवा लेझीम पथकात, गरब्याच्या सरावाला, संस्कार वर्गात, उन्हाळी शिबिरात असतात. या ठिकाणी बहुधा हजेरीपट नसतो, नेमणूकपत्र नसते आणि तपासणीला येणारा अधिकारीही नसतो. सारा कारभार ओळखीवर आणि विश्वासावर चालतो. अशा मंडळांनी पिढ्यान् पिढ्या मुले घडवली आहेत आणि ती टिकलीच पाहिजेत. म्हणूनच त्यांना नियमांची जोड हवी.

मुलगेही सुरक्षित नाहीत

आपल्या समाजात हा विषय निघाला की डोळ्यांसमोर मुलगी येते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी एका किंवा अधिक प्रकारचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे सांगितले आणि अशा मुलांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे ५२.९४ टक्के होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या व्यक्ती मुलाच्या ओळखीच्या किंवा त्याच्या विश्वासातील होत्या. बहुतेक मुलांनी हे कोणालाही सांगितले नव्हते.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असेही नाही. ऑस्ट्रेलियाने २०१३ ते २०१७ या काळात शाळा, धर्मसंस्था, क्रीडासंस्था यांतील बाल लैंगिक अत्याचारांची राष्ट्रीय चौकशी केली. चौकशी आयोगाने सुमारे आठ हजार पीडितांचे म्हणणे खासगीत ऐकून घेतले. घडलेली गोष्ट प्रथम सांगायला त्यांना सरासरी सुमारे २४ वर्षे लागली होती. अमेरिकेतील बालवीरांच्या राष्ट्रीय संघटनेवर, म्हणजे बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकेवर, फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली आणि त्यानंतर ८२ हजारांहून अधिक व्यक्तींनी अत्याचाराचे दावे दाखल केले. शिस्त आणि सेवेसाठी नावाजलेल्या संस्थेची ही स्थिती होऊ शकते, तर आपल्या गावातील मंडळाने ‘आमच्याकडे असे होणारच नाही’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

विश्वास कसा मिळवला जातो

असा माणूस सहसा जबरदस्तीने सुरुवात करत नाही. तो आधी मूल हेरतो. ज्याचे आईवडील दूर आहेत, ज्याच्या घरी अडचण आहे, जे एकटे पडलेले आहे, असे मूल त्याच्या नजरेत भरते. मग त्याला चेंडू, खाऊ, मोबाईलवर खेळायला वेळ, संघात पहिले स्थान मिळू लागते. त्याचबरोबर घरच्या माणसांचा विश्वास मिळवला जातो, आणि वृद्धांचा तर आधी. मदतीची वानवा असलेल्या घरात मदत करणाऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही. नंतर मुलाला इतरांपासून वेगळे काढले जाते, ‘हे आपल्या दोघांतले’ अशी लहानसहान गुपिते तयार होतात. थट्टेत केलेला, चुकून झाल्यासारखा वाटणारा स्पर्श ही परीक्षा असते. मूल गप्प राहिले की पुढचे पाऊल पडते. शेवटी मुलालाच अपराधी वाटू लागते, कारण त्याने खाऊ घेतलेला असतो आणि गुपितही राखलेले असते.

मदत करणारा प्रत्येक माणूस वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. बहुसंख्य कार्यकर्ते निःस्वार्थ असतात. माणसाच्या चेहऱ्यावरून ओळख पटत नाही, एवढेच मला तीस वर्षांत कळले. म्हणून संशय घेत बसण्यापेक्षा, कोणालाही मुलाबरोबर एकांत मिळणार नाही अशी रीत घालून द्यावी. असे नियम चांगल्या कार्यकर्त्यालाही खोट्या आळापासून वाचवतात.

मंडळाला विचारायच्या सहा गोष्टी

नातवंडाला कोठेही पाठवण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात. विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

१. मुलांसोबत एका वेळी किमान दोन प्रौढ असतात का? साहित्याची खोली, कार्यालय, कपडे बदलण्याची जागा येथे एकटे मूल आणि एकटा प्रौढ असे कधीही होऊ नये. बोलायचे असेल तर दार उघडे ठेवून, इतरांच्या नजरेसमोर बोलावे.

२. शिकवणाऱ्याची पोलीस पडताळणी झाली आहे का? पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी आपल्या सर्व कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पडताळणी करायची असते. त्यात क्रीडा प्रबोधिनींचा स्पष्ट उल्लेख आहे. पूर्वी तो जेथे शिकवत होता तेथे एक फोन करण्यास तर काहीच खर्च येत नाही.

३. कुस्ती, मल्लखांब, पोहणे यांत स्पर्श अटळ असतो. तो कशासाठी आणि कोठे, हे मुलाला आधी सांगितले जाते का? तो सर्वांसमोर होतो का? मुलाच्या अंगाला तेल लावणे किंवा मालिश करणे एकांतात होता कामा नये.

४. फोनवरचे निरोप कोणाला जातात? ते पालकांच्या गटावरच यावेत. शिक्षकाने मुलाला स्वतंत्रपणे, विशेषतः रात्री, संदेश पाठवण्याचे कारण नसते.

५. स्पर्धा, सहल, दिंडी किंवा शिबिरात मुक्काम असेल तर झोपण्याची सोय कशी आहे? मुले आणि प्रौढ एका खोलीत नसावेत. मुलींसोबत महिला कार्यकर्ती असलीच पाहिजे.

६. तक्रार कोणाकडे करायची? एक महिला आणि एक पुरुष अशी दोन नावे व १०९८ हा क्रमांक फलकावर लिहिलेला असावा. तक्रार मंडळाच्या अध्यक्षापाशी अडकून राहू नये.

या प्रश्नांवर चिडणाऱ्या मंडळाकडे मूल न पाठवलेले बरे. अनेक मंडळांना मात्र हे कधी सुचलेलेच नसते आणि सांगितल्यावर ती आनंदाने करतात. आपल्या गावात ग्राम बाल संरक्षण समिती कार्यरत असेल तर तिच्या बैठकीत हा विषय जरूर मांडावा.

यात ज्येष्ठांचा वाटा मोठा आहे. निवृत्त शिक्षक, पोस्टमन, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या ताई, घरी कंटाळणारे आजोबा यांनी आळीपाळीने संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसावे. दोन प्रौढ कोठून आणायचे, या मंडळांच्या अडचणीचे हे सोपे उत्तर आहे. गुडघे दुखणाऱ्यांना मी चालायला सांगतोच. ते चालणे मैदानापर्यंत असावे आणि सराव संपून शेवटचे मूल बाहेर पडेपर्यंत तेथे थांबावे.

मूल न बोलता काय सांगते

अत्याचाराचे एकच एक ठाम लक्षण नसते. पण पूर्वी आवडणाऱ्या ठिकाणी किंवा माणसाकडे जायला मूल एकाएकी नकार देऊ लागले, विशिष्ट दिवशीच पोट किंवा डोके दुखू लागले, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, झोपेत दचकणे, अभ्यासातून लक्ष उडणे, चिडचिड, वयाला न शोभणारे लैंगिक बोलणे, कोठून आल्या हे न सांगता येणाऱ्या भेटवस्तू, असे काही दिसले तर कारण शोधावे. ही लक्षणे इतर कारणांनीही दिसतात, म्हणून निष्कर्षाची घाई नको. लघवीच्या जागी वेदना, सूज, रक्त दिसल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

एक गोष्ट वैद्यकीय दृष्टीने फार महत्त्वाची आहे. अनेक पीडित मुलांच्या शारीरिक तपासणीत काहीही आढळत नाही. तपासणी निर्दोष आली म्हणजे मूल खोटे बोलते असे मुळीच नाही.

घरात संवादाची सवय आधीपासून हवी. अवयवांची नावे मुलाला सहजपणे शिकवावीत. नावच घ्यायची लाज वाटली तर तक्रार कशी करणार? ‘काकांना पापी दे’ अशी सक्ती करू नये. नको म्हणण्याचा अधिकार मुलाला घरातच शिकता येतो. रोज ‘आज काय शिकलास’ याबरोबर ‘आज काय आवडलं नाही’ हेही विचारावे.

मूल बोलले तर

चेहरा शांत ठेवा. ‘तू तेव्हाच का नाही सांगितलंस’, ‘तू तिथे गेलासच कशाला’ हे शब्द तोंडातून निघू देऊ नका. ‘तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस, यात तुझी काहीच चूक नाही’ एवढे पुरेसे आहे. उलटतपासणी करू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहून ठेवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही.

घटना ताजी असेल तर मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा. शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्या. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने तातडीचे उपचार विनामूल्य द्यायचे असतात आणि त्यासाठी आधी पोलिसांचे पत्र आणण्याची अट घालता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात आणि मुलाच्या विश्वासातील व्यक्ती सोबत राहू शकते.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेला पोक्सो कायदा १८ वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखेच संरक्षण देतो. संस्थेतील किंवा विश्वासाच्या पदावरील व्यक्तीने असा गुन्हा केल्यास शिक्षा अधिक कडक आहे. गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीविषयी न कळवल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. सद्हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. १०९८ हा क्रमांक चोवीस तास निःशुल्क आहे, आणि ११२ वरही मदत मिळते.

मंडळाने आपसात चौकशी करू नये. बैठक बसवून, माफी मागायला लावून, संबंधिताला दुसऱ्या गावी पाठवून प्रकरण मिटवले की त्या गावातील मुले धोक्यात येतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्या पिढीने फार जपली. घराच्या अब्रूपोटी ज्या मुठी झाकल्या गेल्या, त्यांत कितीतरी मुलांचे बालपण गुदमरले.

त्या संध्याकाळी मी पोलिसांना कळवले. दुसऱ्या दिवशी मंडळाचे दोघे माझ्याकडे आले. “डॉक्टरसाहेब, मंडळाचं नाव जाईल. आपण बसून मिटवू,” असे म्हणाले. मिटवण्याचा अधिकार मला नाही आणि तुम्हालाही नाही, असे मी सांगितले. वर्षभर त्यांतील एक जण माझ्याशी बोलत नव्हता. नंतर तो आपल्या नातीला ताप आला म्हणून घेऊन आला आणि जाताना म्हणाला, आता खोलीची किल्ली दोघांकडे असते आणि तालीम अंगणातच होते.

मुलाचे आईवडील सुरतेहून आले. पुढचे महिने सोपे नव्हते. समुपदेशकाकडे फेऱ्या झाल्या, न्यायालयात जावे लागले. पोटदुखी हळूहळू थांबली. मुलाने पुन्हा लेझीम हाती घ्यायला दोन वर्षे घेतली. आजींचे गुडघे आता पार गेले आहेत, तरी तालमीच्या दिवशी त्या अंगणाच्या कडेला बसलेल्या असतात. पथकातील सगळी मुले घरी गेली की मगच त्या उठतात.